डूख धरलेला मोबाइल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, पण केविलवाणा नाही. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे 'मला जपा हो' म्हणून गळा काढायचा, अशी रीतच पडून गेली आहे. छत्र्या रडतात, फाटकी पुस्तकं रडतात. मी रडणाऱ्यांतला नाही. मी डूख धरतो. मुलुंडच्या विकीने माझी बदनामी केली आणि मी त्याचा सूड घेतला, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या लावलेल्या मुलींनी मला उलटसुलट करून तपासलं, पुसलं आणि खोक्यात निजवलं. माझ्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक आहे. बोलणाऱ्याचा आवाज तिथूनच आत शिरतो आणि पलीकडच्याला ऐकू जातो. ते भोक तेवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं महाभारत त्याच्यापायी घडलं.

मी आलो तो मुलुंड पूर्वेला, सुलक्षणाकाकीच्या घरी. काकी ब्लाउज शिवते आणि तिचे यजमान बाळाकाका लिफ्ट दुरुस्त करतात. मी आल्यापासून काकीचा धंदा माझ्यावरच चालायचा. बायका गळ्याचे आणि बाह्यांचे फोटो पाठवायच्या, काकी शिवून झालेल्या ब्लाउजचे फोटो काढून उलट पाठवायची. पण माझं खरं काम दुपारी असे. जेवणं उरकली की काकी मशीनपाशी बसून मालवणकडच्या गावी आपल्या आईला फोन लावायची. राधाआजीला आता जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे लेक म्हणजे तिच्या लेखी लेकीचा आवाजच. फणसाला किती कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागले, शेजारणीने कसं तोंड फिरवलं, सगळं माझ्यातून जायचं. फोन ठेवला की काकी मला पदराने पुसायची आणि म्हणायची, हिरा आहे माझा. खोटं कशाला सांगू, मी फुशारून जायचो.

दसऱ्याला तर माझा थाटच असे. बाळाकाका आपले पाने, पक्कड आणि टेस्टर पाटावर मांडायचे, शेजारी काकीची कात्री आणि मी. पोट भरणारी ती सगळी हत्यारंच, म्हणून पूजा. काकी ओल्या बोटाने हळद-कुंकू लावायची. काचेवर लावलं तर डाग पडेल म्हणून ती मोठ्या काळजीने माझ्या खालच्या कडेला लावायची. आणि त्या कडेला काय आहे, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

दरवर्षी थोडं थोडं कुंकू त्या भोकात गेलं. गेल्या दसऱ्याला शेवटचं बोट लागलं आणि भोक पुरतं बुजलं. आजीचं बोलणं इकडे लख्ख ऐकू यायचं, पण काकीचं बोलणं तिकडे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं पोचायचं. आजी बिचारी विचारायची, "रागावलंस काय गो माझ्यार? बोलत कित्याक नाय?" काकी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, आजीला घरघर तेवढी ऐकू जायची. फोन ठेवल्यावर काकीचे डोळे भरलेले असायचे.

खापर फुटलं माझ्यावर. खटारा झाला, डबडं झालं, आता फेकून दे, असं जो येईल तो बोलून जाऊ लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, पण आग होती.

शेवटी काकी मला विकीकडे घेऊन गेली. विकी हा बाळाकाकांचा पुतण्या, त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याने टॉर्च मारून माझ्या भोकात पाहिलं. आत लालभडक कुंकू होतं आणि ते त्याला दिसलं. मी त्याचे डोळे अगदी जवळून पाहिले आहेत मित्रांनो, त्याला सगळं कळलं होतं. मग त्याने मान वर केली आणि तोंड पाडून सांगितलं की काकी, बोर्ड गेलाय, हा आता संपला, नवीन मॉडेल घे, झकास आहे.

काकीने तो निर्णय सहज घेतला नाही. तिने मे महिन्यात गावी जायला पैसे बाजूला टाकले होते. नवा फोन घेतला तर जाणं रद्द, आणि नाही घेतला तर आईशी बोलणं बंद. शिवताना मध्येच तिचा पाय मशीनवर थांबायचा. बाळाकाका म्हणायचे, थोडं थांबून बघू. पण एका दुपारी आजी फोनवर म्हणाली की तुका बोलाचा नसात तर फोन तरी कित्याक करतंस, आणि तिनेच फोन ठेवला. काकी त्याच संध्याकाळी विकीकडून नवा फोन घेऊन आली. मला विकीने फुकटात ठेवून घेतलं, वर म्हणाला, भंगारात टाकीन.

पुढचं मला मागाहून कळलं. नव्या फोनवरून काकीचा आवाज आजीला स्वच्छ ऐकू गेला. पण त्या स्वच्छ आवाजात पहिली गोष्ट सांगावी लागली ती ही, की आई, यंदा मी येत नाही.  आजी म्हणाली, "बरा. फुडच्या वर्षी ये." त्या वयाच्या माणसाने पुढच्या वर्षीचं बोलावं, याचा अर्थ काकीला कळत होता.

आणि इकडे विकीने काय केलं? दात घासायचा जुना ब्रश घेतला, भोकावरून फिरवला आणि एक फुंकर मारली. झालं, मी ठणठणीत! एका फुंकरीचं काम! बदमाशाने तेवढ्यासाठी मायलेकींची भेट मोडली. मी मनाशी म्हटलं, विक्या, तुझी वाट लावली नाही तर नावाचा मोबाइल नाही.

त्याने स्वतःच संधी दिली. माझा आवाज तपासायला त्याने माझ्यावरच व्हिडिओ काढला आणि शेजारच्या गाळ्यातल्या सौरभला हसत सांगू लागला, "बघ, एकदम क्लिअर. बोर्ड-बिर्ड काही नाही रे, भोकात कुंकू भरलं होतं नुसतं. पूजा काकीची, प्रसाद माझा." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने मला काचेच्या कपाटात ठेवलं. वर चिठ्ठी लावली, 'जुना, उत्तम चालू.'

पण मित्रांनो, माझ्यावर काढलेला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ आपोआप काकीच्या खात्यात जमा होतो. नव्या फोनमध्ये तेच खातं विकीनेच घालून दिलं होतं, आणि माझ्यातून काढायचं आळसापायी टाळलं होतं. दुकानात वायफाय होतंच. मी तो व्हिडिओ काकीकडे धाडला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काहीही धाडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी एका ब्लाउजचा फोटो शोधत होती, तिथे तिला विकीचं हसणारं तोंड दिसलं. तिने व्हिडिओ दोनदा पाहिला. बाळाकाका म्हणाले, जाऊ दे, नात्यातला आहे. ती चपला घालत म्हणाली, "नात्यातला आहे म्हणूनच जातेय."

संध्याकाळची वेळ, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. काकीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि हा चालू करून दे म्हणाली. विकी ततपप करू लागला. तिने शांतपणे नव्या फोनवर तो व्हिडिओ त्याच्यापुढे धरला, आवाज बंद ठेवून. विकीचा चेहरा उतरला. मग तिने त्याला दुकानातलं सिम माझ्यात घालायला लावलं, आईचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"माझी आई आहे," ती म्हणाली. "मी मे महिन्यात का येत नाही, ते तू सांग."

विकी पुटपुटला की आजी, मी विकी, मोबाइल खराब नव्हता.

"मोठ्यान बोल रे," आजी म्हणाली. "माका आयकाक येणा नाय."

विकीने आवाज चढवला. मी काकीला खोटं सांगितलं, म्हणाला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. आजीने पुन्हा विचारलं, काय सांगितलंस? त्याचा घाम माझ्या काचेवर पडत होता. शेवटी तो ओरडला, "आजी, मी काकीला फसवलं!"

एका बाईने काउंटरवर दुरुस्तीला ठेवलेला आपला फोन हळूच उचलून पर्समध्ये घातला. तिच्यामागचा माणूसही बाहेर पडला.

माझ्यातून आजीचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "पयल्याच खेपेक आयकलंय मी. तुझ्या दुकानातल्या माणसांका आयकाक मेळूक व्हया, म्हणान परत परत इचारलंय."

विकीने नवा फोन परत घेतला आणि पैसे मुकाट्याने दिले. काकी मला घेऊन घरी आली. आता बोध सांगायचा तर सांगतो. मित्रांनो, नवा फोन घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, आम्ही कुणाला आडवे येत नाही. पण जुन्याला दोष देण्याआधी त्याला एक फुंकर मारून बघा. आणि कुणाच्या भोळेपणावर धंदा करू नका, कारण आम्ही सगळं ऐकतो आणि विसरत नाही.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. काकी ओटीवर आईच्या शेजारी बसली. आजीने हाताने तिचा चेहरा चाचपला, आणि दोघी बोलू लागल्या त्या बोलतच राहिल्या. मी काकीच्या पिशवीत तळाशी पडून होतो. बॅटरी संपली, मी बंद पडलो, तरी कुणाला पत्ता नव्हता. इतका अपमान माझा विकीनेही केला नव्हता. पण याचा सूड मी घेणार नाही.