आवाज न करणारी बॅग

बसमध्ये चढताना मागून लोंढा आला आणि चेतनच्या खांद्यावरची पिशवी दाराच्या दांडीवर आपटली. पिशवी सुभद्राबाईनं स्वतःच्या हातानं शिवलेली होती. बाहेरून सोफ्याचं जाड कापड, आत जुन्या गोधडीचा तुकडा. तिला वाटलं होतं, एवढ्यात काही होणार नाही. पण त्या संध्याकाळी आतला लॅपटॉप बोलला नाही.

चेतन तिचा एकुलता मुलगा. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल ते लॅपटॉप त्याला वाचून दाखवायचा आणि तो कानात इअरफोन घालून ऐकायचा. त्यावरच त्याचं कॉलेज झालं होतं आणि त्यावरच आता सचिन गावातल्या एका सुताच्या कंपनीत नोकरी मिळाली होती. व्यापाऱ्यांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि लिहून पुढे पाठवायच्या, असं काम. सोमवारपासून हजर व्हायचं होतं.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप सुरू करून दिला. वर बजावलं, "या वेळी वाचला. आणखी एक मार बसला तर माझ्याकडे आणूच नका."

त्या दिवसापासून सुभद्राबाईच्या जिवाला चैन नव्हतं. साड्यांना लेस लावता लावता तिचा हात थांबायचा. आपल्या पिशवीनं पोराची नोकरी घालवली असती, हाच विचार. शनिवारी दुपारी चेतन काठी घेऊन निघाला तेव्हा तीही पदर खोचून उभी राहिली.

"मी बी येस तुनासंगे."

"माय, बॅगच तर घ्यायची आहे."

"म्हणीसनच येस."

चेतन लहानपणापासून धुळ्याकडच्या अंधशाळेत राहिलेला, त्यामुळे त्याची बोली शाळेची झाली होती. सुभद्राबाई उधन्यात, गुजराती मुलखात, इतकी वर्षं काढूनही घरची अहिराणीच बोलायची. सुट्टीत घरी आला की तो बापाचा हात धरून फिरायचा. कॉलेजला जायला लागला तसा एकटा जाऊ लागला. तो जातो आणि परत येतो, एवढंच तिला ठाऊक होतं. मधलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

भागळच्या बाजारातल्या दुकानात दारापासून छतापर्यंत बॅगा टांगलेल्या होत्या. दुकानदार म्हाताऱ्यानं चेतनकडे पाहिलं, त्याच्या काठीकडे पाहिलं आणि त्याला सोडून सुभद्राबाईला गुजरातीत विचारलं, "बेन, भाईने केवी जोईए?"

"मने ज पूछो ने, काका," चेतन हसून म्हणाला. "लॅपटॉपसाठी हवी. हलकी हवी, पण मार सोसणारी."

म्हाताऱ्यानं एक भली जाड बॅग काढली. सुभद्राबाईनं तिच्यावर मूठ आपटून पाहिली. मूठ आत रुतली. तिचा चेहरा उजळला.

"हाई घे रे. गादीसारखी शे."

चेतननं बॅग पाठीवर घेतली, दोन पावलं टाकली, उतरवली. "रिकामीच एवढी जड आहे, माय. खांदा ओढला की मी वाकडा चालतो. मला सरळ चालावं लागतं, नाहीतर रस्ता चुकतो." मग त्यानं आत हात घातला आणि अंगठ्यानं फोम दाबला. "आणि हे नुसतं मऊ आहे. दाबलं की पार तळाला जातं. मार बसला तर हे आधीच चेपलेलं असेल."

म्हाताऱ्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. चेतन प्रत्येक बॅगेत कोपरापर्यंत हात घालायचा, कप्प्याचा तळ चाचपायचा, बाहेरून बॅगेचा तळ चाचपायचा आणि दोन्ही हातांमधलं अंतर जोखायचा. टॉवेलात गुंडाळून आणलेला लॅपटॉप सुभद्राबाईच्या कवेत होता. तो मागून घेऊन त्यानं एका बॅगेत अलगद सोडला आणि मान हलवली.

"हा कप्पा थेट तळापर्यंत जातो. बॅग फरशीवर ठेवली की लॅपटॉपच फरशीवर ठेवल्यासारखा. कप्पा वर लटकता पाहिजे, खाली जागा सोडून."

म्हातारा आता काउंटरच्या बाहेर आला होता. एवढी वर्षं बॅगा विकतो, म्हणाला, पण गिऱ्हाईक रंग बघतात आणि खिसे मोजतात. त्यानं स्टुलावर चढून वरची एक राखाडी बॅग काढली. उचलताना तिचं वजन जाणवलं नाही. कापड पातळ होतं, पण घट्ट विणीचं. तळाशी आणि कोपऱ्यांना टणक फोम. लॅपटॉपचा कप्पा चांगली चार बोटं वर लटकलेला.

"हाई तं चांगली शे," सुभद्राबाई म्हणाली.

चेतननं ती पाठीवर घेतली आणि दुकानात इकडून तिकडे चालला. थांबला. पुन्हा चालला. मग नाराज होऊन उतरवली.

"ही नाही चालणार. हिचा आवाज येतो."

"कसाना आवाज?"

"कापड सळसळतं. आणि चेनच्या कड्या वाजतात."

"आवाज व्हयना तं व्हयना. त्याले काय?"

आईला हे कधी सांगावं लागेल असं त्याला वाटलं नसावं.

"माय, मी काठीनं फक्त पुढचं पाऊल बघतो. बाकी सगळं कानानं. गाडी कुठून येते, भिंत कुठं संपते, दार उघडं आहे का बंद. पाठीवर सारखी सळसळ असली तर मला दुसरं काही ऐकू येणार नाही. तुझ्या डोळ्यांवर पदर टाकून तुला रस्ता ओलांडायला लावल्यासारखं होईल."

सुभद्राबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. भिंत कुठं संपते, हे कानाला कसं कळेल? तिला वाटलं, पोरगा थट्टा करतो आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

म्हाताऱ्यानं मात्र काही विचारलं नाही. त्यानं पंखा बंद केला. मग त्याच घडणीची, पण सुती पोताच्या कापडाची काळी बॅग शोधून काढली. तिच्या चेनला कड्यांऐवजी दोरीच्या गाठी होत्या. चेतन पाठीवर घेऊन चालला. दुकानात त्याच्या चपलेचा आणि काठीचा तेवढा आवाज आला.

"हीच," तो म्हणाला आणि लॅपटॉप तिच्यात ठेवला.

दोघं बसनं परत निघाली. उधन्याला उतरून मुख्य रस्ता ओलांडल्यावर लूमच्या शेडांची गल्ली लागते. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. ती गल्ली संपली की त्यांचं घर. गल्लीच्या तोंडाशीच सुभद्राबाई थांबली.

"माले दखाड," ती म्हणाली. "तू कसा चालस ते."

"दाखवण्यासारखं काय आहे त्यात?" तो हसला. पण ती हलेना, तेव्हा त्यानं आपलं कोपर पुढे केलं. "धर. आणि डोळे मीट. खरंच मीट, हं."

तिनं डोळे मिटले. पहिल्यांदा नुसता खडखडाट अंगावर आला. सगळीकडून सारखाच, नदीचा पूर आल्यासारखा. तिला पाऊल टाकवेना. कोपराला तिची बोटं रुतली.

"आता उजवीकडे ऐक," चेतन तिच्या कानाशी बोलला. "आवाज मोठा झाला ना? ते शेडचं दार. उघडं आहे. चल. आता बारीक झाला. भिंत आली. चल अजून. पुन्हा मोठा. दुसरं दार."

ती ऐकत गेली. आणि तो सांगत होता ते खरंच होतं. आवाज एका जागी अंगावर यायचा, चार पावलांत मागे सरायचा, पुन्हा यायचा. दार, भिंत, दार. ज्या गल्लीतून ती रोज ये-जा करायची, जिचा आवाज तिला कित्येक वर्षांत आवाज म्हणून ऐकूसुद्धा आला नव्हता, ती गल्ली तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे एकेका दारानं उभी राहायला लागली.

"आता बघ हं," तो म्हणाला. "आत्ता."

डावीकडचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. जणू कुणी त्या बाजूचं जगच काढून घेतलं. त्या पोकळीतून गालाला वारा लागला.

"काय शे हाई?" तिनं घाबरून विचारलं.

"मंदिराकडे जाणारा बोळ."

तिनं डोळे उघडले. समोर तोच बोळ होता. पाळण्यात होता तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, याच्यासाठी सगळा अंधार आहे. ती इतकी वर्षं तेच धरून बसली होती. त्या अंधारात दारं होती, बोळ होते, वारा होता, आणि पोरगा त्यातून रोज एकटा हिंडत होता.

ती काही बोलणार एवढ्यात मागून हातगाडी आली. गाडीवर कोऱ्या कापडाचे ताके वरपर्यंत रचलेले. ढकलणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं, आणि मागांच्या खडखडाटात गाडीची चाकं चेतनलाही ऐकू आली नाहीत. बाहेर आलेला ताका त्याच्या खांद्याला लागला. तो गरकन फिरला आणि उताणा पडला, पाठीवरच्या बॅगेवर. काठी गटारीकडे गेली.

"चेतन!" सुभद्राबाई खाली बसली. "तुले लागनं का? बोल ना रे!"

"मला नाही लागलं." त्यानं उठायच्या आधी बॅगच पुढे ओढली. "लॅपटॉप बघू दे."

गाडीवाला माफी मागत होता, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. शेडच्या ओट्यावर बसून त्यानं चेन उघडली, लॅपटॉप बाहेर काढला आणि बोटांनी कडा, कोपरे, बिजागरी तपासली. मग बटण दाबून कानात इअरफोन घातला आणि थांबला. सुभद्राबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

चेतनचा चेहरा सैलावला. दुसरा इअरफोन त्यानं चाचपत तिच्या कानात घातला.

आत एक बाई बोलत होती. बोलत कसली, धावत होती. शब्दाला शब्द चिकटून जात होते, जसा मागावरचा धोटा इकडून तिकडे जाताना नुसती रेघ दिसते. सुभद्राबाईला एकही अक्षर उमगलं नाही.

"बिघडना का?"

"नाही गं. मी असाच ऐकतो. थांब, हळू करतो."

त्यानं एक कळ दाबली, आणि बाई संथ झाली. मराठी बोलायला लागली, स्वच्छ. "सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता कार्यालयात हजर राहावे. येताना ओळखपत्र सोबत आणावे."

"हाई तुनी नोकरीनं शे?"

"हो. कंपनीचं पत्र."

तिनं इअरफोन कानात दाबून धरला. तिला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की आजवर कुणाच्या तरी दाराशी जावं लागायचं. आता ते पत्र तिच्या कानात, तिच्या भाषेत बोलत होतं. पण तिला नवल वाटलं ते त्याचं नाही.

"आणि ते पहिलं? इतलं जोरमा पळनं ते? ते तुले समजस?"

"सगळं."

"बठ्ठं?"

"बठ्ठं," तो तिच्याच बोलीत म्हणाला.

"आखो एकदाव तसंच कर."

"तुला नाही कळणार, माय."

"नको समजू दे. आयकू दे."

त्यानं पुन्हा वेग वाढवला. खडखडणाऱ्या गल्लीत, शेडच्या ओट्यावर, मायलेक एकेका इअरफोनला कान लावून बसले. बाई धावत होती, चेतन मधूनच मान हलवत होता, एकदा कशालातरी हसलाही. सुभद्राबाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

घरी चेतनचा बाप लोटू जेवायला थांबला होता. तीस वर्षं माग चालवून त्याच्या कानांनी साथ सोडायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं. त्यानं बॅग एका हातानं उचलली आणि बायकोकडे पाहिलं.

"रिकामी शे का हाई?"

"लॅपटॉप शे तिना मा!" सुभद्राबाई ओरडून म्हणाली. "आंग टाकी दिनं पोऱ्यानी तिनावर, तरी काहीच व्हयनं नही!"

लोटूनं बॅग पुन्हा उचलून पाहिली. विणकर माणूस, त्यानं कापड बोटांत धरून चुरगाळलं आणि सोडलं. सुरकुतीही उरली नाही. "काय कापड शे," तो स्वतःशीच म्हणाला. मग चेतनच्या सोललेल्या कोपराकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो हळद आणायला उठला.

सोमवारी सकाळी सुभद्राबाई चेतनच्या मागे बसथांब्यापर्यंत गेली. रस्ता वाहत होता. रिक्षा, टेम्पो, शाळेच्या व्हॅन. काळी बॅग पाठीला बिलगलेली होती. कडेला येऊन चेतन थांबला. त्यानं हनुवटी जराशी वर केली आणि मान तिरकी केली. तो काय ऐकतो आहे हे तिला कळत नव्हतं, पण तो ऐकतो आहे हे आता दिसत होतं. एक टेम्पो गेला, त्यामागून मोटारसायकल गेली. मग कधीतरी, तिला काहीच वेगळं वाटलं नाही अशा क्षणी, त्यानं पाऊल पुढे टाकलं आणि सरळ रेषेत पलीकडे गेला.

ती जागेवर उभी होती. त्याचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं हाक मारली नाही. तिचा आवाज त्याच्या वाटेत आला असता.