तीन पाळ्या

पिंपरी पेंढारच्या आमच्या मळ्यात विजेच्या एका डीपीवर पाण्याच्या सव्वीस मोटरी. उन्हाळ्यात सगळ्या एकदम सुरू झाल्या की फ्यूज उडायचा. १९९९ सालच्या बैठकीत ठरलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पाळ्या करायच्या. एका विहिरीवरचे किंवा एका पाटावरचे दोघे एका पाळीत नकोत. यादी कुणी करायची? मी गणिताचा मास्तर, त्यात सडाफटिंग. काम माझ्या गळ्यात पडलं.

प्रत्येक मोटरीला एक ठिपका काढला, ज्यांचं एका वेळी जमणार नाही त्यांच्यात रेघ ओढली आणि तीन रंगांचे खडू घेऊन बसलो. नियम एकच, रेघेच्या दोन टोकांना एक रंग नको. दोनच पाळ्या असत्या तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं, जमतं की नाही ते. तीन म्हटल्या की भलतंच. अडीच लाख कोटी तऱ्हा होतात. कुणी आयती यादी दिली तर तपासायला पाच मिनिटं पुरे, पण शोधायची झटपट रीत जगातल्या एकाही शहाण्याला अजून सापडलेली नाही. लोकांना वाटायचं, मास्तर चालढकल करतोय.

खरं सांगतो, गावाचं मला फारसं पडलं नव्हतं. माझ्या ठिपक्यावरून एक रेघ थोरल्या भावाकडे, कुंडलिकदादाकडे जात होती. वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहिली. आम्ही बोलायचो ते फक्त विहिरीवर, तेही भांडायला. "बंद कर की तुजी मोटर, शाण्या," एवढंच. हे भांडण मिटलं तर दादा पुन्हा जेवायला बोलावेल, अशी माझी आशा.

एकोणिसाव्या दिवशी यादी जमली. दादाला सकाळ, मला संध्याकाळ. सरपंचांनी माझा सत्कार केला. भांडणं थांबली आणि दादाचं तोंड दिसणंही थांबलं. अख्खा मे महिना मी एकटाच विहिरीवर जायचो, एकटाच पाणी भरायचो, घरी येऊन एकट्यापुरती भाकरी थापायचो. दादाच्या शिव्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

शेवटी न राहवून एका सकाळी मुद्दाम त्याच्या पाळीत मोटर सुरू केली आणि वाट बघत बसलो. दादा आला. त्यानं मोटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मात मला अरे-तुरेशिवाय न बोललेला माझा भाऊ.

"चालू द्या, मास्तर," तो म्हणाला. "तुमी भरून घ्या. आमी उद्या भरू."