अनशापोटी

मांडवगण फराट्याच्या धुरपदाबाईला देवाने उंची बेताची दिली, रंग बेताचा दिला आणि उरलेलं सगळं आवाजात घातलं. घरात मेंढरं होती तेव्हा तिने भीमेच्या अलीकडून हाळी दिली की पलीकडच्या काठावरची मेंढरं चरायची थांबायची. त्यात दुसऱ्यांचीही असायची. पुढे मेंढरं गेली, विहीर झाली, मेथी आली. आवाज तेवढा राहिला. दौंडच्या बाजारात तिने "मेऽथीऽ!" म्हटलं की गाडी सुटली असं समजून माणसं स्टेशनाकडे पळत. निदान ती तसं सांगायची, आणि एवढ्या मोठ्याने सांगितलेली गोष्ट सहसा कोणी खोटी म्हणत नाही.

दोन हजार साली या आवाजाला गंज चढला. तोंड सुजलं, ऐन वैशाखात वाकळ लागायला लागली, आणि मेथी निवडता निवडता ती मेथीवरच झोपायला लागली. दौंडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आळशी झालीय."

"माझ्या गळ्यात आन् आळशी?" धुरपदाबाईला तो सरळसरळ अपमान वाटला. पण गोळ्यांची बाटली तिने घेतली. म्हाळूआप्पा कंपाउंडरने बजावलं, "वैनी, अनशापोटी घ्यायची. जल्मभर."

ती अनशापोटी घेत राहिली. उठायचं, चूळ भरायची, गोळी, वर तांब्याभर पाणी. दोन महिन्यांत आवाज परत आला.

तीन वर्षं सुखात गेली. मग एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना सोडला आणि त्यांच्या खुर्चीत पुण्याच्या प्रतिभा मॅडम आल्या; आणि जुन्या कंपनीची बाटली दुकानात मिळेनाशी झाली.

"औषध तेच आहे मावशी, फक्त कंपनी दुसरी," मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी उपाशीपोटी घ्या."

धुरपदाबाईने मान डोलावली. नवी बाटली, नवं पथ्य. बरोबरच होतं.

दोन महिन्यांत वाकळ पुन्हा बाहेर आली. बाजारात शेजारी कोथिंबीर विकणारी साखरबाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "का गं धुरपदे, आज मेथी कानात सांगतीस व्हय?"

धुरपदाबाईने उत्तर दिलं. ते साखरबाईला ऐकूच गेलं नाही, आणि हे जास्त लागलं.

घरी नवऱ्याने, जालिंदरने, समजूत घातली. "पुढल्या बाजाराला म्या बसतो. तू पड घरी."

जालिंदर सज्जन माणूस होता, पण तो 'मेथी' म्हणाला की समोरचा विचारायचा, "काय म्हणालात?" वीस वर्षांची जागा अशा माणसाच्या हातात गेली की पुढच्या महिन्यात तिथे कोथिंबीर दिसली असती. धुरपदाबाईने त्याच संध्याकाळी पारावर जाहीर केलं, "नव्या कंपनीची गोळी म्हंजी खडू हाय निस्ता. पोरांच्या पाटीला द्या." तीच गोळी घेणाऱ्या गावातल्या आणखी दोघींनी त्या दिवसापासून गोळीकडे संशयाने बघायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तिने दौंडला जाऊन रक्त दिलं, आणि रिपोर्ट आल्यावर मॅडमपुढे धरला. मॅडमनी तो दोनदा वाचला. "दोनवर असलेला आकडा एकवीसवर गेलाय! कंपनी बदलली की कधीकधी फरक पडतो, पण इतका? गोळी उपाशीपोटीच घेता ना?"

"एक दिस चुकला न्हाई."

मॅडमनी डोस वाढवून चिठ्ठी लिहिली. ती घेऊन धुरपदाबाई बाहेर आली, तर म्हाळूआप्पाने चिठ्ठी बघून भुवया वर केल्या.

"वैनी, अनशापोटी घेता नव्हं?"

"आप्पा, ती जुनी गोळी. ही उपाशीपोटीची हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय, उपासाचं चालतंय तेवढंच. कपभर दूध, शेंगदाण्याचा लाडू, वाटीभर साबुदाणा, आन् मग गोळी. भाकरीचा तुकडा म्हणून शिवला न्हाई. तिखट सुदिक उपासाचंच घालती."

म्हाळूआप्पाने डोक्याला हात लावला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं तेव्हा धुरपदाबाई गप्प झाली. बाकावरच्या चारही पेशंटांनी वर पाहिलं. दोघं तिला ओळखत होते.

"जाऊ द्या," म्हाळूआप्पा कुजबुजला. "मॅडमला कशाला सांगायचं? उद्यापास्नं अनशापोटी घ्या, संपलं."

"आन् डोस वाढीवलाय त्यो?" धुरपदाबाई म्हणाली. "माझी चूक गोळीच्या माथी मारून गावभर तिची अब्रू घालवली म्या. आता परत लपवू व्हय?"

ती नंबर न लावता आत गेली.

"मॅडम, गोळी चांगली हाय. तुमचा शब्द वाईट हाय."

सगळं ऐकून मॅडम ताठ झाल्या. "अहो मावशी, उपाशीपोटी म्हणजे रिकाम्या पोटी. साधं मराठी आहे!"

"तुमच्याकडं असंल. आमच्याकडं उपाशी माणूस सगळ्यात जास्त खातंय."

मॅडमनी गंभीर राहायचा प्रयत्न केला. तो साधारण तीन सेकंद टिकला. मग डोळे पुसत त्यांनी चिठ्ठी फाडली आणि जुनाच डोस लिहिला. "दूध, शेंगदाणे पोटात असले की गोळी अंगी लागत नाही. गोळीनंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. चहासुद्धा नाही."

"अनशापोटीत च्या कवा बसलाय?" धुरपदाबाई दयेने म्हणाली. मॅडम शिकलेल्या होत्या; त्यांना हे माहीत नसणं साहजिक होतं.

परतल्यावर ती आधी पारावर गेली आणि घोगऱ्या आवाजात, जमेल तेवढ्या मोठ्याने तिने सांगितलं, की गोळी खडू नाही, खडू आपल्याच डोक्यात होता. त्या दोघी बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी गोळी बंद केली नव्हती, फक्त घाबरत घेतली होती.

बाजारात तिने आणखी दोन महिने कळ काढली. जालिंदरला तिने मेथीच्या जुड्या बांधायला बसवलं, ओरडायला नाही. साखरबाईची कोथिंबीर वीतभर पुढे सरकली. धुरपदाबाईने न बोलता पायाने मागे सारली.

नवा रिपोर्ट आला. आकडा तीन. मॅडमच्या टेबलामागे आता एक पुठ्ठा टांगलेला होता, म्हाळूआप्पाच्या वळणदार अक्षरात: 'थायरॉईडची गोळी अनशापोटी घ्यावी. उपासाचेही चालणार नाही.' धुरपदाबाईने तो जालिंदरकडून तीनदा वाचून घेतला. "ह्यो माझा बोर्ड हाय," ती तिथे बसलेल्या प्रत्येकाला म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्याच्या बाजारात रेल्वे कॉलनीतली एक बाई मेथी घेताना थांबली. पिशवीत तीच बाटली होती.

"मावशी, अनशापोटी म्हणजे काय हो? डॉक्टरकडं लिहिलंय. कुणाला विचारू कळेना."

धुरपदाबाईने जुडी खाली ठेवली, पदर सावरला आणि चार महिन्यांचा साठवलेला सगळा श्वास घेतला.

"निस्तं पाऽणीऽ! दूध न्हाई, लाडू न्हाई, च्या न्हाई! निस्तं पाऽणीऽ!"

पलीकडच्या रांगेतले दोघे पिशव्या उचलून स्टेशनाकडे पळाले.

"अगं, जरा हळू!" साखरबाई कानांवर हात ठेवून ओरडली.

धुरपदाबाईला ते ऐकू आलं नाही.