पिवळ्या रेनकोटातली बाई

वीस मीटरवरून पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, असा कायदा आहे.

लिंबाच्या केकचे दोन तुकडे, चंदेरी कागदात.

मंक्स लॅव्हरिंग गावच्या पोस्टातल्या बाईंनी शनिवारी चार पोती पेंढा नेला.

लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म. सगळे चौकोन भरलेले, 'दृष्टी'पुढचा तेवढा मोकळा.

सगळं एकाच रविवारच्या आसपासचं. हिल्डा प्रॉसर, वय एक्याऐंशी, गाडी चालवत होती. शेजारी तिची मुलगी जुडिथ, परीक्षक म्हणून. तीन गावं पार करून नदीकाठी जायचं, केक खायचा, परत यायचं. जुडिथला भीती वाटली नाही तर तो चौकोन भरायचा. वाटली तर किल्ली तिच्याकडे. हिल्डाच्या गावात बस येते ती फक्त मंगळवारी.

"पाय कशाला दाबतेयस? तिकडे ब्रेक नाहीये."

"सवय गं, आई."

"तुझ्या नवऱ्यालाही हीच सवय. मागच्या वेळी पायपुसणं फाडायचं बाकी ठेवलं त्यानं."

पहिलं गाव गेलं, दुसरं गेलं. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झुडपांची कुंपणं, रस्ता जेमतेम एका गाडीचा. हिल्डा वळण दिसण्याआधीच गिअर बदलत होती. बदकं आडवी येतात त्या तळ्यापाशी आपोआप सावकाश झाली. जुडिथचा पाय हळूहळू सैल पडला. मनातल्या मनात तिनं तो चौकोन भरूनही टाकला.

तिसऱ्या गावात, मंक्स लॅव्हरिंगमध्ये, पबच्या समोर, पिवळ्या रेनकोटातली एक बाई रस्त्याच्या कडेला उभी होती. हिल्डा थांबली. हात हलवून म्हणाली, "जा, बाई, जा."

बाई जाईना.

"लाजतेय बिचारी."

मागे तीन गाड्या थांबल्या. हॉर्न कुणी वाजवला नाही. या भागात हॉर्न मेंढ्यांसाठी असतो. जुडिथनं नीट पाहिलं. रेनकोटाच्या बाहीतून पेंढा बाहेर आला होता. चेहरा गोणपाटाचा, डोळ्यांच्या जागी कोटाची बटणं. पबच्या भिंतीला टेकून पेंढ्याची एक नवरी उभी होती, तिच्या पलीकडे सायकलवर पेंढ्याचा पाद्री. गावात बुजगावण्यांची जत्रा होती, प्रत्येक घरानं एकेक बनवून रस्त्यावर उभं केलेलं.

"ती कुणाची तरी वाट बघतेय," जुडिथ म्हणाली. "आपण जाऊ या."

हिल्डानं गाडी काढली. चर्चच्या फाटकापाशी रस्ता अरुंद झाला आणि पेंढ्याचा एक पोलीस अगदी खिडकीला लागून आला, हात लावता येईल इतका. हिल्डानं गाडी बाजूला घेतली. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ती बाईपण?"

"हो."

"तू म्हणालीस वाट बघतेय."

"बघतच होती की."

हिल्डाचे खांदे हलू लागले. जुडिथला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. डोळे पुसेपर्यंत हसली. मग हसणं थांबलं.

"आणि एखाद दिवशी खरीच बाई बुजगावणं वाटली तर?"

"चष्मा बदलून बघू."

"दोनदा बदललाय. तुला सांगितलं नाही." तिनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून जुडिथला दिली. "ऊठ. इकडे ये."

केक त्यांनी तिथंच खाल्ला, पोलिसाच्या देखत. नदीचं नाव कुणी काढलं नाही.

परतीच्या वाटेवर घोडे नेणारी गाडी समोर आली. जुडिथनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि तशीच बसली. मागे फक्त वळण आणि झुडपं.

"मागे घे," हिल्डा म्हणाली. ती आरशात बघतही नव्हती. "अजून. अजून. आता फाटक येईल, त्याच्यापुढे डावीकडे जागा आहे. घाबरू नकोस, मी आहे."

जागा होती. घोड्यांची गाडी सरकत निघून गेली. चालवणाऱ्यानं आभारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. जुडिथनं अख्खा हात हलवला.

"एकच बोट गं. शहरातली वाटशील."

हिल्डा गाडी शिकली ती एक्कावन्नाव्या वर्षी, नवरा गेला त्याच्या पुढच्या महिन्यात.