अडलेला खण

मित्रांनो, मी सागवानी नाही की कोरीवही नाही. लहान लहान खणांचं, कार्डं ठेवायचं मी एक जुनं कपाट आहे. वाचनालयाने मला मोडीत काढलं, तेव्हा समाजशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला हातगाडीवर घालून घरी आणलं. त्यांच्या बायकोने माझं नाव सवत ठेवलं, पण पुसायची मात्र तीच.

हल्ली माणसाला सगळी माहिती मिळते, पण कशाचा कशाशी संबंध आहे ते उमगत नाही, असं प्राध्यापक लिहीत. एकेक निरीक्षण एकेका कार्डावर उतरवून ते माझ्यात ठेवत. अफवेचं कार्ड दवाखान्यातल्या रांगेच्या कार्डाला लागून, जाहिरातीचं एकटेपणाच्या मागे. हा क्रम त्यांनी कुठेच लिहून ठेवला नव्हता. त्यातूनच त्यांचं नवं पुस्तक उभं राहत होतं.

ते आजारी पडून रुग्णालयात गेले आणि लेक घर सांभाळायला आली. बाबांचं पुस्तक लवकर पुरं व्हावं म्हणून ती कामाला लागली. तिने प्रत्येक कार्डाचा फोटो संगणकात घातला आणि कार्डं अकारविल्हे लावून ठेवली. खालचा एक खण फुगून अडला होता, तेवढा तिला उघडेना. बाकीचे खणही मला आवळून धरता आले असते तर! पण लाकूड मनासारखं फुगत नाही.

बाबा घरी आले. एक खण ओढून त्यांनी कार्डं चाळली. "छान लावलंस गं," म्हणाले. मग रोज ते माझ्यासमोर बसत, एक कार्ड उचलत, दुसरं शोधत आणि दोन्ही परत ठेवत. एवढं सोपं करून दिलं तरी तुमची गाडी हलेना, अशी लेकीने थट्टा केली. तेही हसले.

पुढे तिने खालच्या खणासाठी सुतार बोलावला. त्याने रंधा काढला, तसे बाबा खुर्चीतून उठले.

"तो असू दे अडलेला. तेवढाच माझ्या हातचा राहिलाय."

सुताराला काही कळलं नाही. लेकीला कळलं.

"बाबा, आधी का नाही बोललात?"

"तू इतकं मन लावून केलं होतंस."

पुस्तक अर्धंच राहिलं. बाबा गेले. संगणकात आजही कुठलंही कार्ड क्षणात सापडतं. त्याच्या शेजारी कुठलं होतं, ते मात्र सापडत नाही. लेक येते, मला पुसते. खालच्या खणाच्या कडीवर हात ठेवते, ओढत नाही.

मित्रांनो, कुणाचा पसारा आवरायला घ्याल, तेव्हा आधी त्याच्याजवळ बसा. हे इथे का ठेवलंय, एवढं विचारा. उत्तर लांबलं तरी ऐका. बाबांना तर असं कुणी विचारलेलं फार आवडायचं.