छतावरची माणसं

सुनेने शिडीवर उभं राहून छतावर पाण्याचा तिसरा फवारा मारला, तसा खालून आवाज आला,

"अगं हळू! म्हातारा बुडेल ना माझा!"

"कुठला म्हातारा, आई?"

"तो काय, पंख्याच्या डावीकडे. पाठीवर बोचकं नाही का?"

सासूबाई पलंगावर उताण्या पडल्या होत्या. उशाशी उघडी छत्री बांधलेली, तिच्यावरून पारदर्शक प्लास्टिक पायांपर्यंत सोडलेलं, आणि आत ते एवढंसं तोंड. पलंग बाहेर नेता आला असता तर एवढं सोंग करावं लागलं नसतं. पण सहा वर्षांपूर्वी त्या पडल्या, तेव्हा तो लोखंडी पलंग याच खोलीत नट आवळून उभा केला होता, आणि दार त्याच्याहून चार बोटं अरुंद. खरवडलेल्या छताची घाण बाकीच्या घरात जाऊ नये म्हणून सुनेने दाराच्या फटींवर आतून चिकटपट्टी लावली होती. वाऱ्यापुरती खिडकी उघडी. एकदा छत भिजवलं की काम अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. तेव्हा दोघी आत आणि डोक्यावर छत.

छत होतं दाणेदार, ओल्या भुशाच्या मुठी फेकून मारल्यासारखं. वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपल्यापासून त्याचे कपचे पडायला लागले होते. परवा एक सासूबाईंच्या डोळ्यातच गेला. जाण्याआधी हे दाणे तरी खरवडून काढू, असं सुनेने मनाशी घेतलं.

जाण्याबद्दल मात्र तिच्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता. लग्नाआधी ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तसंच काम पुन्हा मिळालं होतं, पण दुसऱ्या गावात. सोमवारी हजर व्हायचं, शनिवारी घरी यायचं. दिवसा सांभाळायला बाई ठरवली होती, रात्री नवरा होताच. नवरा म्हणाला होता, "आईला तू सांग. मला नाही जमायचं." त्यालाही आठवडा झाला.

तिने खरवडायची रुंद पत्ती छताला लावून जोरात पुढे रेटली. ओला गिलावा लगद्यासारखा सोलला आणि थपकन प्लास्टिकवर पडला.

"गेला का गं?"

"गेला."

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "गेला नाही. पैलतीराला लागला. सहा वर्षं चालत होता बिचारा, देवाने हात दिला."

सुनेला हसू आलं. रोज सकाळी चादर बदलताना सासूबाई तिला छताच्या दाण्यांत दिसणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायच्या, काल कुठवर आली होती तिथून पुढे. म्हातारा नदीवर पोचला, होडी रुतली, शेळ्या चुकल्या. ती हातातलं काम करत 'हं, मग?' म्हणायची. कान एक असायचा, तोही अर्धा. आज तिने पहिल्यांदाच मान वर करून नीट पाहिलं. खरंच, बोचकं होतं तिथे.

होडी सुटली. शेळ्या घरी आल्या.

"आणि त्या ढेरपोट्या फौजदाराला घासून काढ हं. अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा घोरतो मेला."

"आई, छतावरचं घोरणंही ऐकू येतं तुम्हाला?"

"संसार केलाय बाई मी. नुसतं पोट बघून कळतं."

फौजदार पडला. सुनेचे दंड भरून आले होते, पाणी मनगटावरून काखेपर्यंत ओघळत होतं. उरलेलं छत किती, हे बघायला तिने मान मागे टाकली आणि तिचा हात थांबला. वर नुसता पांढरा ओला सपाटपणा होता. ती शिडीवरून खाली उतरली.

"आई, मी सगळंच पुसून टाकलं. आता तुम्ही दिवसभर बघणार काय? आधी का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेने पाणी मारत होतीस."

सून पायाखालचा चिखल बघत राहिली. सगळं छत निघालं होतं, दारावरचा तुकडा तेवढा राहिला होता.

"तिथे एक बाई आहे," सासूबाई म्हणाल्या. "कमरेवर घागर. पाय उंबऱ्यावर उचललेला. दिसली?"

"दिसली."

"तिची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सगळ्यांना पुढे नेलं मी, हिला नाही नेलं. म्हटलं, ही निघाली तर मला पाणी कोण देणार?"

प्लास्टिक त्यांच्या श्वासाबरोबर किंचित वरखाली होत होतं.

"औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यास गेल्या आठवड्यात. 'सकाळी', 'जेवल्यावर', एवढाल्या अक्षरांत. तुला तर झोपेतही पाठ आहेत. मग चिठ्ठ्या कुणासाठी गं?"

सुनेने पत्तीवरचा लगदा बोटाने निपटला, पुन्हा निपटला.

"चढ वर," सासूबाई म्हणाल्या. "तिला तशी अर्धवट नको ठेवूस."

सुनेने शिडी दाराशी नेली. फवारा मारला, पाणी मुरेपर्यंत थांबली. मग पत्ती लावली. बाई अख्खीच्या अख्खी निघाली.

"निघाली?"

"निघाली."

"कधी?"

ती शिडीवरून खाली उतरली.

"सोमवारी," सून म्हणाली. "सकाळी सहाच्या गाडीने."

"आणि परत?"

"शनिवारी संध्याकाळी. दर शनिवारी."

"घागर नेली का ठेवली?"

"ठेवली."

"भरून?"

"भरून, आई."

सासूबाईंनी डोळे मिटले, उघडले. "मग ती चिकटपट्टी काढ आता. माणसाने किती वेळ कोंडून घ्यायचं!"

सून दाराशी गेली. ओल्या नखांना पट्टीचं टोक काही सापडेना. ती चाचपत उभी असताना पाठीमागून, छत्रीखालून, रोज सकाळी लागायचा तोच सूर लागला.

"तर काय झालं, सोमवारी सकाळी गाडी सुटली. खिडकीशी जागा मिळाली तिला..."

टोक सापडलं होतं. ते तसंच चिमटीत धरून ती उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "मग?"