मागून वाजलेली घंटा

माझ्या पहिल्याच सायकल शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होते, हे आज कुणाला सांगून पटत नाही. तेव्हा मी सायकलवरून टपाल वाटायचे, त्यामुळे पायांत जोर होता. धाकट्या नणंदेशी पैज लागली होती: जी मागे पडेल तिनं महिनाभर सगळ्यांची भांडी घासायची. घरात माणसं अकरा.

रस्त्याच्या चार फेऱ्या होत्या. तिसरी संपवून मी पंचांच्या टेबलापुढून गेले आणि मागे घंटा खणखणली. कुणाला तरी पुढे जायचंय असं समजून मी सवयीनं वेग कमी केला, कडेला सरले आणि हातानं ‘जा’ अशी खूणही केली. नणंद भुर्रकन निघून गेली, ती शेवटपर्यंत काही हाती लागली नाही. ती घंटा शेवटची फेरी सुरू झाल्याची होती, हे मला शर्यत संपल्यावर कळलं.

“वहिनी, मला वाट का दिलीत?” नणंदेनं विचारलं.

“घंटा वाजली ना.”

ती हसत हसत रस्त्यातच खाली बसली. घरी गेल्यावर म्हणाली, “आई, तुझ्या सुनेला वळण फार चांगलं आहे हं.”

सासूबाई म्हणाल्या, “असू दे. आता जरा भांड्यांतही दिसू दे.”